परदेशाहून मराठवाड्यातील घरापर्यंत : मुंबईत विमान उतरल्यानंतरचा प्रवास

गोदाकाठ (नांदेड)

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, जर्मनीत नाहीतर आखातात नोकरीला असणे आता आपल्या तालुक्याच्या गावांतही नवे राहिलेले नाही, आणि त्यांच्याकडे चार-सहा महिने राहून परत येणारे साठी-सत्तरीतले आई-वडीलही जवळपास प्रत्येक गल्लीत भेटतात. हा धागा त्यांच्या परतीच्या प्रवासाबद्दल आहे, आणि त्यातही विशेषतः त्या भागाबद्दल आहे, ज्याचा विचार तिकीट काढताना कोणीच करत नाही.

तिकीट बहुतेक वेळा तिकडे बसलेला मुलगा काढतो. त्याच्या डोळ्यांसमोर दोन आकडे असतात, भाडे आणि मुंबईपर्यंतचे तास. मुंबई ते नांदेड हे सुमारे सहाशे किलोमीटर त्या तिकिटावर कुठेच नसतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून निघालेल्या जोडप्याचा हिशेब मांडून पाहावा : घरून विमानतळ आणि तिथले थांबणे मिळून पाच तास, मधल्या थांब्यासह विमानप्रवास वीस ते बावीस तास, मुंबईत पारपत्र तपासणी, सामान आणि सीमाशुल्क यांत दीड-दोन तास, आणि त्यानंतर गाडीने दहा-अकरा तास. म्हणजे दाराला कुलूप लावल्यापासून आपल्या उंबऱ्यात पाय ठेवेपर्यंत दीड दिवस सहज उलटून जातो, आणि त्यातले शेवटचे दहा तास शरीर पुरते थकलेले असताना काढावे लागतात.

माझी खरी काळजी मात्र गाडी चालवणाऱ्याबद्दल आहे. आखातातून आणि युरोपातून येणारी बरीच विमाने मुंबईत मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत उतरतात. घरचा कोणी तरुण किंवा भाड्याच्या गाडीचा चालक दुपारी नांदेडहून निघतो, रात्री विमानतळावर पोचतो, दोन-तीन तास वाट पाहतो, आणि सामान गाडीत भरले की लगेच परत फिरतो. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकरा वाजता सतरा तास जागा असतो. सलग सतरा तास जागे राहिल्यानंतर माणसाची प्रतिसाद देण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, असे झोपेवरच्या अभ्यासांत आढळले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यातील मर्यादा तर ०.०३ टक्के आहे. प्यायलेल्या माणसाच्या गाडीत आपण आई-वडिलांना कधीच बसवणार नाही, पण रात्रभर जागलेल्या माणसाच्या गाडीत मात्र निःशंकपणे बसवतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की तिकीट शेवटच्या टप्प्यापासून उलटे मोजत काढावे. मुंबईहून आपल्या गावाकडे दिवसाउजेडी केव्हा निघता येईल, चालकाची झोप कुठे होईल, हे आधी ठरवावे आणि मग विमान निवडावे. प्रत्येक जिल्ह्याचा मार्ग वेगळा आहे, त्यामुळे आपापल्या भागातील माहिती सर्वांनी लिहावी, ही विनंती.

दुधना (जालना)

विषय अत्यंत आवश्यक आहे. जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत परिस्थिती बदलली आहे, ते नोंदवतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरी ते भिवंडीजवळील आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यामुळे कसारा घाटातील जुन्या रस्त्याचा त्रास आता टळतो. सहार विमानतळावरून ठाणे-भिवंडीमार्गे आमणेपर्यंत पोचायला जो काय वेळ लागेल तो लागेल, पण एकदा त्या रस्त्याला लागल्यावर सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा असल्याने संभाजीनगर चार-पाच तासांत येते.

तरीही गोदाकाठ यांच्या मुद्द्यात मला एक भर घालायची आहे. जुन्या रस्त्यावर गावे लागत, चहाच्या टपऱ्या लागत, समोरून वाहने येत, त्यामुळे चालक आपोआप सावध राहत असे. समृद्धीवर ना वळण, ना चौक, ना समोरून येणारे वाहन. थकलेल्या माणसाला असा सरळ रस्ता झोपच आणतो, कारण डोळे उघडे असूनही लक्ष उडालेले असते. पहाटे दोन ते सहा हा शरीराचा झोपेचा सर्वांत गाढ काळ असतो आणि दुपारी दोन ते चारच्या सुमारास दुसरी, त्याहून सौम्य लाट येते. मध्यरात्री उतरलेल्या विमानातले प्रवासी घेऊन निघालेली गाडी नेमकी त्या पहिल्या वेळेत या रस्त्यावर असते.

आमच्या घरी आम्ही ठरवून टाकले आहे की विमान रात्री कितीही वाजता उतरो, उजाडल्याशिवाय गाडी आमण्याच्या पुढे न्यायची नाही. मुंबईत मुक्काम प्रत्येकाला परवडेलच असे नाही, हे मान्य आहे. पण ठाण्याच्या किंवा भिवंडीच्या बाजूला साध्या लॉजमध्ये पाच तासांची खोली एवढ्या मोठ्या खर्चात फार वाटू नये. निघण्यापूर्वी टायरची हवा आणि टायरचे वय पाहून घ्यावे, कारण वैशाख-ज्येष्ठात काँक्रीटवर त्या वेगाने जुना टायर फुटतो. इंधनही आधीच भरून घ्यावे.

तेरणा (धाराशिव)

समृद्धीचा लाभ आम्हा धाराशिव-लातूरकरांना नाही. आमचा रस्ता मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, तिथून सोलापूर महामार्गाने टेंभुर्णी, आणि मग बार्शी असा आहे, आणि लातूरपर्यंत सुमारे पाचशे किलोमीटर भरतात. मात्र आमच्यासाठी पुण्यात थांबणे स्वाभाविक ठरते, कारण आमच्याकडच्या जवळपास प्रत्येक घराचे कोणी ना कोणी हडपसर, वाघोली किंवा पिंपरीकडे आहे. आखातातून येणाऱ्यांनी मुंबईऐवजी दुबई-पुणे विमानाचाही विचार करावा, भाडे थोडे जास्त असले तरी एक घाट आणि चार तास वाचतात.

मला एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. आपल्याकडे माणूस परदेशाहून आला की त्याच दिवशी घर भरून जाते. भावकी येते, शेजारपाजारचे येतात, व्याही येतात, आणि आलेल्याला चहा-फराळ दिल्याशिवाय पाठवायचे नाही ही आपली रीत आहे. दीड दिवस न झोपलेली बाई बॅगा उघडून प्रत्येकासाठी आणलेले चॉकलेट, पर्फ्यूम, शर्ट वाटत बसते आणि तिकडच्या घराची, नातवंडांची हकीकत प्रत्येकाला पहिल्यापासून सांगते. हे प्रेम आहे, त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू मुळीच नाही. पण आमच्या गल्लीत आता आम्ही आपसांत ठरवले आहे की आलेल्या घरी पहिल्या दिवशी फक्त डबा पाठवायचा, येसर आमटी, भाकरी, भात, आणि भेटायला तिसऱ्या दिवशी जायचे. थकून आलेल्या माणसाच्या घरी त्या दिवशी चूल पेटवायला लागू नये, हाही पाहुणचाराचाच भाग आहे, असे मला मनापासून वाटते.

वैद्यक (परभणी)

मी परभणीत वैद्यकीय व्यवसाय करतो. परदेशाहून परतल्यावर आठवडाभराने पाय सुजला म्हणून येणारे रुग्ण मी पाहतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवरून उडत असले तरी आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका राखलेला असतो. त्यामुळे रक्तातील प्राणवायू थोडा कमी होतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, पण हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांना जाणवू शकते. आतील हवेतील आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांहूनही कमी असते, म्हणून घसा, नाक, डोळे कोरडे पडतात. त्यात आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी स्वच्छतागृहात वारंवार जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. शेजारच्या माणसाला उठवायचे कसे, या संकोचापोटी आपल्या माता-भगिनी तासन्‌तास जागेवरून हलत नाहीत. तिकीट काढणाऱ्या मुलांनी त्यांच्यासाठी मार्गिकेकडेची जागा निवडली, तर हा संकोच बराच कमी होतो.

बराच वेळ पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पोटरीच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालात म्हटले आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत अशा प्रवासानंतरचाही प्रत्यक्ष धोका लहान, म्हणजे सुमारे सहा हजारांत एक इतका असल्याने, घाबरून जाण्याचे कारण नाही. पण अलीकडे शस्त्रक्रिया झालेली असेल, पूर्वी कधी अशी गुठळी झालेली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, संप्रेरकांच्या गोळ्या चालू असतील, वजन फार असेल किंवा स्त्री गर्भवती असेल, तर धोका बराच वाढतो. अशांनी निघण्यापूर्वी तिकडच्या किंवा इथल्या डॉक्टरांशी बोलून पोटरीवर दाब देणाऱ्या पायमोज्यांबद्दल किंवा औषधाबद्दल विचारून घ्यावे.

या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेली गोष्ट अशी की हा धोका केवळ विमानाचा नाही. गाडी, बस, रेल्वे, कोणत्याही वाहनात हालचाल न करता बसल्याने तो निर्माण होतो, आणि थोड्या काळात लागोपाठ प्रवास घडले तर वाढतो. म्हणजे वीस तासांच्या विमानानंतर लगेच दहा तास गाडीत मागच्या सीटवर दोन बॅगांच्या मध्ये दाटीने बसणे हा त्याच प्रवासाचा पुढचा भाग आहे. दर दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चालायला लावावे. बॅगा टपावर किंवा दुसरीकडे टाकून पाय पसरायला जागा ठेवावी. परतल्यानंतर काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही, एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर ‘प्रवासाने पाय भरून आले’ असे म्हणून तेल चोळत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक दम लागला किंवा श्वास घेताना छातीत दुखू लागले, तर रुग्णालय गाठायला एक तासही लावू नये. आणि डॉक्टरांना आपण नुकतेच परदेशाहून आलो आहोत हे आवर्जून सांगावे.

मधुमेहींविषयी. इन्शुलिन मोठ्या बॅगेत टाकू नये, सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होण्याची शक्यता असते, शिवाय बॅग मागे राहिली तर पंचाईत होते. ते हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावे. अमेरिकेहून पूर्वेकडे येताना प्रवासाचा दिवस घड्याळाच्या हिशेबाने लहान होतो, त्यामुळे जुन्याच वेळांनुसार इन्शुलिन घेतल्यास दोन मात्रा जवळ येऊन साखर खाली जाऊ शकते. मात्रा किती आणि केव्हा, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

झोपेविषयी थोडक्यात. अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतो, पश्चिम किनारा त्याहून तीन तास मागे. शरीरातील घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एक तास या वेगाने सरकते, म्हणून आठ-दहा दिवस रात्री दोन वाजता जाग येणे आणि दुपारी डोळे मिटणे हा आजार नाही. या काळात दिवसा ओसरीवर किंवा अंगणात उजेडात बसावे, जेवण इथल्या वेळेला घ्यावे आणि दुपारची झोप अर्ध्या तासात आटोपावी. मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत, वृद्धांचा तोल जाऊन रात्री पडण्याचे प्रमाण त्याने वाढते. एप्रिल-मे महिन्यात थंड मुलखातून थेट आपल्या बेचाळीस अंशांत येणाऱ्यांनी पहिला आठवडा उन्हात शेताकडे चक्कर मारण्याचा मोह टाळावा, कारण शरीराला उष्णतेची सवय पुन्हा लागायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

देवगिरीचा_प्रवासी (छत्रपती संभाजीनगर)

गाडीवरच सगळी चर्चा चालली आहे, म्हणून रेल्वेची बाजू मांडतो. वैद्यक यांनी लिहिलेले वाचून तर माझे मत अधिकच पक्के झाले, कारण दीड दिवसाच्या या प्रवासात माणसाला पाठ टेकून सरळ आडवे होता येते ते फक्त रेल्वेच्या बर्थवर.

मुंबईहून रात्री नऊच्या सुमारास निघणारी देवगिरी एक्सप्रेस संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड या सर्वांना सोयीची आहे. दुपारी उशिरा नंदीग्राम आहे, सकाळी लवकर तपोवन आहे. जालना-मुंबई वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवली गेली. लातूर-धाराशिवकरांना रात्रीची लातूर एक्सप्रेस आहे. पूर्वी अडचण होती ती सहारवरून सामानासह छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत पोचण्याची. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका पूर्ण सुरू झाल्यापासून विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचे स्थानक आणि रेल्वे टर्मिनसचे मेट्रो स्थानक एकाच मार्गिकेवर आले आहे, त्यामुळे सकाळी किंवा दुपारी उतरणाऱ्याला रहदारीत न अडकता रेल्वे गाठता येते. रात्री उशिरा मेट्रो बंद असते, हे लक्षात ठेवावे, आणि चार मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सीच बरी.

आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते, त्यामुळे विमानाची तारीख ठरताच त्याचा दिवस वहीत लिहून ठेवावा. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, परंतु साठ वर्षांवरील पुरुषांना आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना खालच्या बर्थसाठी राखीव कोटा आहे, तो निवडायला विसरू नये. विमान उशिरा आले तर रेल्वे सुटते, हा आक्षेप योग्य आहे. म्हणून दोहोंमध्ये सहा-सात तासांचे अंतर असलेलेच विमान घ्यावे.

मुंबई-संभाजीनगर विमानाविषयीही विचारणा होते. त्यात दोन गोष्टी पाहाव्यात. परदेशातून येताना सामान पहिल्या भारतीय विमानतळावर, म्हणजे मुंबईत, सामान्यतः स्वतः उचलून सीमाशुल्क ओलांडून पुन्हा द्यावे लागते. पुढचे विमान पहिल्या टर्मिनलवरून असेल तर सगळे घेऊन सांताक्रूझच्या बाजूला जावे लागते. शिवाय देशांतर्गत स्वस्त तिकिटावर साधारण पंधरा किलो सामानच फुकट जाते, तर परदेशातून येणाऱ्याकडे तेवीस किलोच्या दोन बॅगा असू शकतात. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर परदेशी प्रवासाची मर्यादा बहुधा पुढेही लागू होते आणि पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटे घेतल्यास हे दोन्ही लाभ जातात. नांदेड आणि लातूरच्या विमानसेवेत वारंवार खंड पडत आला आहे, त्यामुळे सहा महिने आधी तिच्या भरवशावर बेत आखणे मला योग्य वाटत नाही.

लेंडी (देगलूर)

आपण सर्वजण मुंबई हेच दार का धरून बसलो आहोत? देगलूर, उदगीर, मुखेड, बिलोली, किनवट, आणि खुद्द नांदेड यांना हैदराबादच जवळ आहे. शमशाबादचा विमानतळ २००८ सालापासून सुरू आहे. दुबई, दोहा, अबुधाबी, जेद्दा, लंडन, फ्रँकफर्ट, सिंगापूर येथून तिथे थेट विमाने आहेत, त्यामुळे अमेरिकेहून एकच थांबा घेऊन येता येते. नांदेडहून देगलूर, संगारेड्डी असा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे, पुढे हैदराबादच्या बाहेरील वर्तुळाकार रस्त्याने शहरात न शिरता विमानतळ गाठता येतो. नांदेडपासून हे अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे मुंबईच्या निम्मे. उदगीरकरांना बिदर-जहीराबादमार्गे जाता येते.

भाषेचा प्रश्न आमच्या ज्येष्ठांना तिथे येत नाही. १९५६ पर्यंत आपण सर्व हैदराबाद राज्यातच होतो, आणि आमच्या भागातील ऐंशीच्या घरातील माणसांना तिथली दखनी बोली मुंबईच्या हिंदीहून जवळची वाटते. उमराहून परतणारी आमच्या गावची अनेक मंडळी जेद्दाहून थेट हैदराबादला उतरतात आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या आत घरी असतात. परदेशातल्या मुलांना मुंबईच माहीत असते, म्हणून त्यांना हे आपणच सांगितले पाहिजे.

बिंदुसरा (बीड)

माझी आई माझ्या भावाकडे जर्मनीत, म्युनिकजवळ आहे आणि पुढच्या महिन्यात एकटीच परत येणार आहे. तिला मराठी आणि मोडके हिंदी येते. गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, आणि मधुमेह आहे. भावाने एका आखाती शहरात थांबा असलेले तिकीट पाहिले आहे, ते स्वस्त आहे, पण तिथे तिला मध्यरात्री चार तास काढावे लागतील आणि मुंबईत ती सकाळी उतरेल. मी बीडहून भाड्याची गाडी घेऊन जाणार आहे. बीडला १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगरची रेल्वे सुरू झाली, याचा आम्हा सर्वांना फार आनंद आहे, पण मुंबईहून येताना तिचा थेट उपयोग होत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ (नांदेड)

बिंदुसरा ताई, म्युनिकहून मुंबईला थेट विमान आहे, साधारण आठ तासांचे. एकट्या, भाषा न येणाऱ्या आईसाठी ते थोडे महाग पडले तरी घ्यावे, असे मी भावाला आग्रहाने सांगेन. थांब्याच्या विमानतळावर फलकावर फाटक बदलल्याचे दिसते, घोषणा इंग्रजीत होते, आणि आई जिथे बसवली तिथेच बसून राहते, ही भीती अनाठायी नाही. फक्त थेट विमान रात्री उतरणारे असेल, तर मुक्कामाची सोय आधी करावी.

चाकाच्या खुर्चीची मागणी तिकिटासोबतच नोंदवावी, निदान ४८ तास आधी. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. खुर्ची ढकलणारा माणूस मुंबईत पारपत्र तपासणी, सामान आणि सीमाशुल्क पार करून बाहेरच्या दारापर्यंत आणून सोडतो, त्यामुळे सही किंवा रांग यांची चिंता आईला राहत नाही. एका कागदावर मराठी, इंग्रजी आणि जर्मनमध्ये तिचे नाव, विमान क्रमांक, भावाचा व तुमचा फोन, मधुमेह असल्याची नोंद आणि औषधांची नावे लिहून पारपत्राच्या पिशवीत ठेवावा. तिचे भारतीय सिमकार्ड आधीच रिचार्ज करून चालू ठेवावे, कारण मुंबईत विमानतळाच्या वायफायसाठी फोनवर येणारा क्रमांक (ओटीपी) लागतो आणि सहा महिने बंद पडलेले सिम तिथे चालत नाही. सोबत खाण्यासाठी कोरडे काही द्यावे, साखर उतरली तर उपयोगी पडेल.

कयाधू (हिंगोली)

मी स्वतः भाड्याची गाडी चालवतो. विमानतळाची भाडी आमच्याकडे नेहमी येतात, म्हणून चालकाच्या बाजूने लिहितो.

मुंबईला पोचल्यावर चालकाने गाडीत झोपून घ्यावे असे सर्वजण सांगतात, पण प्रत्यक्षात ते होत नाही. दर दहा मिनिटांनी फोन येतो, विमान उतरले का, बाहेर आले का. वाहनतळावर उकाडा असतो, डास असतात, इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपणे धोक्याचे असते. त्यामुळे मालकाचा आणि घरच्यांचा समज होतो की चालक चार तास झोपला, आणि त्याने मात्र डोळासुद्धा मिटलेला नसतो. परतीच्या वाटेवर पाहुणे बसल्याबरोबर झोपतात, गाडीत कोणी बोलत नाही, आणि शांततेत झोप जास्त येते. आम्ही नाही म्हटले तर पुढचे भाडे दुसऱ्याला जाते, म्हणून आम्ही नाही म्हणत नाही.

माझी विनंती अशी आहे. भाडे ठरवतानाच चालकाच्या झोपेची खोली त्यात धरावी, आणि खोली म्हणजे खोलीच, गाडीची सीट नव्हे. विमान उतरल्याचे फोनवर दिसतेच, तेव्हा चालकाला पट्ट्यावरून सामान हाती आल्यावर एकच फोन करावा. लांबचे अंतर असेल तर दोन चालक द्यायला सांगावे, दुसऱ्याचा खर्च फार येत नाही. परत येताना घरच्यांपैकी एका ताज्यातवान्या माणसाने पुढच्या सीटवर बसून जागे राहावे आणि बोलत राहावे. चालकाने खिडकी उघडली, गाणे मोठे केले, गालावर मारून घेतले, की समजावे त्याला झोप येत आहे, आणि गाडी थांबवायला लावावी. चहा किंवा कॉफी प्यायल्यावर तिचा परिणाम व्हायला अर्धा तास जातो, म्हणून चहा पिऊन वीस मिनिटे झोपू द्यावे, मग निघावे. पोचल्यावर त्यालाही जेवायला बसवतात, हे आपल्याकडे सगळीकडेच होते आणि त्याबद्दल आम्हाला समाधान आहे. फक्त तेवढीच आठवण निघण्याच्या वेळीही राहावी.

बीडच्या ताईंसाठी सांगतो. कल्याणहून माळशेज घाट, आळेफाटा, अहिल्यानगर हा रस्ता अंतराला कमी आहे, पण पावसाळ्यात घाटात धुके असते आणि दरड येते. अंधारात तो घेऊ नये. पुण्यावरून अहिल्यानगरला यावे, थोडा वेळ जास्त जातो.

वैद्यक (परभणी)

कयाधू यांनी लिहिलेले प्रत्येकाने घरच्या माणसांना वाचून दाखवावे. त्यांच्या चहानंतरच्या वीस मिनिटांच्या झोपेच्या सूचनेला वैद्यकीय आधारही आहे. मात्र तिने तासाभराची सावधता मिळते, रात्रभराची भरपाई होत नाही.

बिंदुसरा ताई, जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन किंवा साडेचार तासच मागे आहे, त्यामुळे आईंच्या इन्शुलिनच्या वेळांत अमेरिकेइतकी उलथापालथ होणार नाही. तरीही शेवटची मात्रा म्युनिकला घेतल्यावर पुढची मुंबईत किती वाजता घ्यायची, हे त्यांच्या डॉक्टरांकडून भावाला लिहून घ्यायला सांगावे. गुडघेदुखीमुळे त्या विमानात उठणार नाहीत, म्हणून बसल्या जागी टाचा आणि चवडे वर-खाली करण्याचा व्यायाम आतापासून फोनवर शिकवून ठेवावा.

बिंदुसरा (बीड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भावाशी बोलणे झाले, तो थेट विमानाचे तिकीट काढतो आहे, मार्गिकेकडेची जागा आणि चाकाच्या खुर्चीची नोंद त्यातच होईल. विमान मध्यरात्रीनंतर उतरते. ठाण्यात दोन खोल्या पाहिल्या आहेत, एक मी आणि आई, दुसरी चालकदादांसाठी, आणि त्यांना आदल्या दिवशी संध्याकाळीच मुंबईत पोचून झोपायला सांगितले आहे, विमानतळावरून ठाण्यापर्यंत आम्हाला विमानतळाची टॅक्सी आणेल. सकाळी आठला निघून पुण्यात आत्याकडे जेवण, आणि दिवे लागायच्या आत बीड. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी तिसऱ्या दिवशी बोलावले आहे. इन्शुलिनचे वेळापत्रक डॉक्टरांकडून आले की भाऊ फोटो पाठवणार आहे.

लेंडी (देगलूर)

ताई, दोन खोल्यांचे आरक्षण करताना आगमनाची तारीख नीट पाहावी. विमान मध्यरात्रीनंतर उतरते, म्हणजे तिकिटावर पुढच्या दिवसाची तारीख असते, पण खोली आदल्या दुपारपासून घ्यावी लागते, नाहीतर पहाटे दोन वाजता लॉजवाला दुपारी बाराला या म्हणतो.